उशिरा सांगणारी झडप

अनगोळच्या गल्लीत बॉनेट उघडून बसले होते रविवारी.
गाडी कोल्हापूरची, सेकंडहँड, पाटीवर अजून एमएच झिरो नाइन,
टॅक्सचा कागद आठ महिने इकडून तिकडे.
टर्बोला त्याचं काही नाही,
तो अडीच हजारांवर शीळ घालतो, चढतो
आणि अर्ध्या बारला थांबतो,
जेवताना कुणी हात धरावा तसा.

झडपा समोर दोन.
एक पुण्याहून कुरिअरनं आलेली,
तीन तोंडांची, विजेवर टिकटिकणारी,
सोबत वायरींचा गुंता, लॅपटॉप हवाच अशी अट.
दहा दिवसांत परत करता येते. आज सातवा.
दुसरी मडगावच्या एका पोराची,
शर्यती सोडून तो क्रूझवर गेलाय म्हणे.
ती नुसती गळते. थंडीत एक दाब, उन्हात दुसरा.

तिसरी अजून झाली नव्हती.
उद्यमबागेत, कल्लाप्पा हुंदऱ्यांच्या शेडमध्ये,
पितळेच्या एका दांड्यात कुठंतरी होती.

सोमवारी फौंड्री सुटल्यावर गेले.
(मी तिथं बिलं करते,
वाळूचा काळा वास केसांत घेऊन घरी येते, ते राहू दे.)
“काय बघूलीस गे त्या डब्यात?”
म्हटलं, वेस्टगेटला दाब कळला की तो दार उघडतो,
धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो, जोर तिथंच संपतो.
झडपेनं त्याला जरा उशिरा कळवायचं.
“म्हणजे खोटं बोलायचं.”
नाही हो.
बाबा शिफ्टवरून यायचे,
तेव्हा दादा नापास झाल्याचं आई दाबून धरायची,
हातपाय धुणं, बनियन बदलणं, चहा,
मग सांगायची. तेवढाच उशीर.
“हां. तेवढा करू की.”

ड्रॉवर उपसला.
बॉलपेनची स्प्रिंग घातली, हसले, काढली.
दुसरी जरा जाड, कसली ते त्यांनाही आठवेना.
बेअरिंगमधला छर्रा नेमका बसला,
फुंकून बघितलं, ओठांवर पितळेचा चुरा.
मग बाजूला एक भोक,
मोहरीसुद्धा जाणार नाही असं.
हे कशाला? गळेल ना?
“दाबून धरलेल्याला वाट नसली तर ते आतच राहतंय.
पाय काढलास तरी दार उघडंच.”

आईनं एकदा सांगितलंच नव्हतं.

मग खुणा. कुठं पिळलं की जास्त, कुठं कमी.
अक्षरांच्या पंचांचा डबा काढला त्यांनी.
“इकडं बेकु, इकडं साकु. हवं आणि पुरे.
कुठल्या अक्षरात मारू?”
या प्रश्नावर डांबर फासलेलं
मी शाळेत असल्यापासून बघतेय, चौकाचौकांत.
लेथ रिकामाच फिरत होता.
कल्लाप्पांनी डबा बंद केला,
साधा सेंटर पंच घेतला,
एका बाजूला एक टिंब मारलं, दुसऱ्या बाजूला तीन.
“अंधारात बोटालापण कळतंय.”
पैसे विचारले तर म्हणाले, वंटमुरीचा घाट चढून ये आधी.

बुधवारी पहाटे पाचला, ट्रकांच्या मधून,
काकतीच्या पुढं पाय दिला.
काटा अर्ध्यावर थांबला नाही.
पाऊण. त्याच्याही पुढं.
तीन टिंबांवर गाडी कुणाचीच नव्हती,
आणि मग आतून खडे वाजल्यासारखा ठोका,
एकदा, दोनदा.
कडेला घेतली. अर्धा फेरा मागे, बोटं भाजत.
पुन्हा चढले. आता नुसती शीळ, लांबलचक, स्वच्छ.
माथ्यावर पाय काढला
तेव्हा मोहरीच्या भोकातून बारीक सुस्कारा आला,
किंवा मला तसं वाटलं.

पुण्याचा डबा मागच्या सीटवर. आज दहावा दिवस.
कल्लाप्पांना फोन लावला.
“कुठं ठेवलीस?”
दोन टिंबांवर, म्हटलं.
“दोन मी मारलीच नाहीत गे,” म्हणाले,
आणि लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.